आतून तुटलेला कॉल

रौशानने आयुष्यात एकाच खोट्या कागदावर सही केली, आणि सही करताना तो कागद तिला अगदी खरा वाटला होता.

ती तास्कुदुकची. जुन्या सोव्हिएत देशातल्या कारागांदी शहरापासून गाडीने चार तासांवर, कोळशाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. तिचे वडील काब्देन खाणीतल्या टेलिफोनच्या तारा जोडायचे. वर बसलेला माणूस जमिनीखालच्या माणसाशी बोलू शकतो तो आपल्यामुळे, याचा त्यांना फार अभिमान. तार खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, असं ते जेवताना सांगायचे, आणि मुलीने ते लहानपणीच गाठीशी बांधलं. पॉलिटेक्निक करून ती गावी परतली आणि संचार कार्यालयात लागली. आधी खटखटणारी जुनी टेलिफोन यंत्रं होती. मग सोव्हिएत राज्य गेलं, यंत्रं गेली, निम्मे सहकारी जर्मनीला आणि रशियाला गेले, आणि कार्यालयात संगणक आले. शिकवायला कोणी नव्हतं. शब्दकोश मांडीवर घेऊन रौशान इंग्रजी पुस्तिका वाचत बसायची.

त्या संगणकांवर जी ऑपरेटिंग सिस्टिम होती ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरातल्या हजारो लोकांनी ती मिळून लिहिलेली, आणि तिचा कोड कुणीही उघडून वाचावा. रौशान वाचू लागली. त्यातला नेटवर्कचा भाग, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात बोलणं कसं जातं तो भाग, ती कागदावर छापून घरी आणायची आणि दुधाच्या चहाबरोबर वाचायची. तिचा नवरा तेमिरखान शाळेत कवायत शिकवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात दोन नवरे आहेत. एक मी, आणि एक तो छापील. पगार मी आणतो, लक्ष त्याच्याकडे."

त्यांच्याच जिन्यावर, समोरच्या दारात बातिमा राहायची. रौशानची मुलगी झाली तेव्हा तिची नाळ कापायचा मान बातिमाला दिला होता, आणि तिकडे हा मान कुणाला द्यायचा हे बायका महिनोन्महिने ठरवतात. बातिमा रुग्णवाहिका केंद्रात फोन घ्यायची. १०३ फिरवला की पलीकडून तिचा आवाज यायचा, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. बाजारात ती कांद्याचा भाव विचारायची तेव्हा अनोळखी माणसं मान वळवून बघायची; कधीतरी कुठल्यातरी वाईट दिवशी हा आवाज त्यांनी ऐकलेला असायचा.

दोन हजार दहा साली केंद्राला नवं यंत्र मिळालं. जुन्यात एक प्रोसेसर होता, नव्यात दोन. सगळे फोन त्या यंत्रातून जायचे आणि त्याची देखभाल रौशानकडे होती. पहिल्याच हिवाळ्यात बातिमाने तिला दोनदा सांगितलं की कॉल मध्येच तुटतात. रौशान म्हणाली, बुरान सुटला की तुटणारच. बुरान म्हणजे तिकडचं हिमवादळ. वारा बर्फाला आडवं पळवतो आणि समोरचा खांब दिसत नाही. बातिमा म्हणाली की बुरानने तुटलेला फोन तिला कळतो, त्यात आधी खरखर होते, आवाज लांब जातो. हा तसा तुटत नाही. हा आतून तुटतो, कात्रीने कापल्यासारखा. रौशानने यंत्राच्या नोंदी पाहिल्या, काही सापडलं नाही, आणि दोन्ही वेळा तिने वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.

दोन हजार बाराच्या जानेवारीत, दुपारी अडीच वाजता, भर बुरानात केंद्रात एक कॉल आला. कैर्गेल्दी नावाचा खाणकामगार आपल्या वडिलांच्या घरून बोलत होता. वडील झुमाताय एकाहत्तर वर्षांचे, खाणीतून निवृत्त झालेले. छातीत कळ आली होती. कैर्गेल्दीने वस्तीचं नाव सांगितलं, ओठ निळे पडतायत म्हणाला, आणि कॉल तुटला. त्याने पुन्हा फिरवला तर लागेना. चार मिनिटं केंद्राचा एकही फोन चालला नाही. लागला तेव्हा गाडी निघाली, पण वाटेत बर्फ साचलं होतं. गाडी पोचायच्या आत म्हातारा गेला.

गाव लहान. कैर्गेल्दी सगळ्यांना सांगत सुटला की त्या बाईने फोन आपटला. चौकशी समिती बसली. समितीने रौशानला विचारलं की कॉल कोणी तोडला, ते यंत्रावरून कळतं का. कळतं, असं तिने सांगितलं. नोंद सरळ होती: दोन वाजून एकतीस मिनिटांनी कॉल आतल्या बाजूने बंद केला गेला, आणि मग लाइन पडली. आतली बाजू म्हणजे बातिमाची जागा. रौशानने ते तसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि खाली सही केली.

त्याच दिवशी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. बातिमाच्या हातात पावाची पिशवी होती.

"मी फोन ठेवला नाही, रौशान."

"मला माहितेय तू मुद्दाम नसशील ठेवला. हात लागला असेल. गडबडीत होतं माणसाचं."

"हात लागला नाही."

"नोंदीत आहे ना पण. मी काय करू? नोंदीत आहे ते मी लिहिलं."

बातिमाने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पायऱ्या चढून ती आपल्या घरात गेली. आठवड्याभरात तिला कामावरून काढलं. बावीस वर्षं झाली होती. झुमातायच्या घरी ती सांत्वनाला गेली, कारण न जाणं हे तिकडे शत्रुत्व समजतात, पण तिला दार उघडलं नाही. खिडकीचा पडदा हलला एवढंच. पुढे तिला खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनात कोट सांभाळायचं काम मिळालं. लोक नाटकाला, लग्नाला येत, जाड कोट तिच्या हाती देत, ती ते खुंटीवर टांगून पितळी बिल्ला देई. आता तिला कुणाशी फारसं बोलावं लागत नव्हतं. समोरासमोरची दारं तशीच होती, पण चहाचं येणंजाणं संपलं. रौशानच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा नाळ कापणारी बाई लग्नात नव्हती. पाहुण्यांनी विचारलं, आणि रौशानने तब्येतीचं निमित्त सांगितलं.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, रौशान केंद्रात यंत्राची धूळ काढायला गेली होती. बाहेर बुरान. बातिमाच्या जागी आता आसिल्तास नावाची बाई होती. ती एका आईशी बोलत होती. मुलाला ताप चढला होता. रौशान तिच्यापासून हातभर अंतरावर उभी. आसिल्तासच्या उजव्या हातात पेन होतं, डावा हात वहीवर होता, आणि बोलता बोलता ती थांबली.

"आपाय, गेला हो फोन," ती म्हणाली. आपाय म्हणजे तिकडची ताई. "मी काही केलं नाही."

आईने पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला, मुलाचं काही बिघडलं नाही. पण रौशानने त्याच क्षणी यंत्राची नोंद उघडली होती. तिथे लिहिलं होतं: कॉल आतल्या बाजूने बंद केला गेला, आणि मग लाइन पडली.

ती खुर्चीत बसली, आणि आसिल्तासने तिला पाणी आणून दिलं. दोन्ही हात तिने डोळ्यांनी पाहिले होते. एक पेनावर, एक वहीवर.

संध्याकाळी तिने बातिमाचं दार वाजवलं आणि उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. बातिमाने ऐकून घेतलं.

"तू पाहिलंस म्हणून खरं झालं," ती म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा काय होतं?"

दार सावकाश बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयाचे प्रमुख ओराल्बेक यांच्याकडे गेली; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना आदराने आगाय म्हणत. त्यांनी तिला बसवून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की प्रकरण मिटलेलं आहे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं: एका वेळी आपल्या डोळ्यांनी काय दिसलं हा पुरावा होत नाही. मग ते जरा हसले, आणि तिच्या वडिलांचं नाव जोडून अदबीने म्हणाले, "गेल्या वर्षी यंत्राची बाजू तुम्हीच घेतली होती, रौशान काब्देनोव्ना. समितीत तुमच्याइतकं ठाम कुणी नव्हतं. आता यंत्र खोटं म्हणता, तर ते खोटं कसं बोललं ते दाखवा. मी कागद बदलतो."

तिने ते मनाला लावून घेतलं. कोठारात दोन जुनी यंत्रं पडली होती, दोन-दोन प्रोसेसरवाली. ती तिने मागून घेतली आणि मागच्या खोलीत मांडली. जेवणाची सुट्टी आणि शनिवार, एवढा वेळ तिच्या हातात होता. दोष बुरानातच दिसतो म्हणून तिने आधी खोटा बुरान तयार केला: एक छोटा प्रोग्रॅम, जो दोन यंत्रांमधलं बोलणं मधूनच अडवायचा, उशिरा सोडायचा, हरवायचा. खोलीत उन्हाळा असो की हिवाळा, त्या यंत्रांमध्ये सतत हिमवादळ चालू असायचं. कॉल तुटायचे, पण खरखर होऊन तुटायचे. आतून एकही तुटेना.

मग तिने कोडमध्ये जागोजागी पहारे बसवले, इथे काय झालं, तिथे काय झालं, हे लिहून ठेवणारे. त्यानंतर तर काहीच घडेना. पाच महिने काहीच नाही. असं का, हे तिला शेवटी एका शनिवारी, बस थांब्यावर उभी असताना कळलं: पहारा लिहायला जो क्षण लागतो, त्या क्षणाने एक प्रोसेसर मागे पडत होता, आणि दोन्ही प्रोसेसरांची गाठच पडत नव्हती. ती बघत होती म्हणूनच दोष लपत होता. तिने पहारे काढले आणि नुसता कोड वाचायला बसली.

असले दोष कामातली माणसं 'शर्यत' या नावाने ओळखतात. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच गोष्टीकडे धावतात, आणि कोण आधी पोचतो त्यावर सगळं ठरतं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ठरलेला आधी पोचतो. लिहिणाऱ्याला वाटतं की असंच होणार. रौशानला जे सापडत गेलं ते असं होतं. प्रत्येक कॉलची यंत्राच्या मेमरीत, तो चालू आहे तोवर, एक तात्पुरती नोंद असते. उत्तर यायला उशीर झाला की एक टायमर उठतो, ती नोंद उघडतो आणि म्हणतो, पुन्हा पाठव. लाइन पडून लगेच उठली, तर दुसरीकडे जुनी नोंद पुसून नवी करायचं काम निघतं. आता समजा, टायमरने जुनी नोंद हातात घेतली आहे, आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या प्रोसेसरने ती पुसली, जागा रिकामी म्हणून दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली. टायमरला हे कळत नाही. तो तीच जागा वाचतो, तिथे आता भलतंच काही लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ तो लावतो: ही बाजू बंद झाली. मग तो कॉल तोडतो, आतल्या बाजूने बंद केला असं लिहून ठेवतो, आणि पुढे सगळं यंत्रच काही मिनिटं अडकून बसतं. चांगल्या हवेत लाइन पडून पापणी लवायच्या आत उठत नाही. बुरानात ती तासाला दहादा तसं करते. आणि जुन्या यंत्रात एकच प्रोसेसर होता, शर्यत लावायला दुसरा नव्हताच.

पण हा तर्क झाला. तिने कोडमध्ये मुद्दाम एक थांबा घातला, नोंद हातात घेणं आणि ती वाचणं यांच्या मधोमध, म्हणजे फट रुंद होईल. नवव्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, पडद्यावर ओळ आली: कॉल आतल्या बाजूने बंद केला गेला. त्या खोलीत फोनच नव्हता. बंद करायला माणूस नव्हता. रौशान तिथेच बसून रडली, आणि मग डोळे पुसून तिने तेमिरखानला फोन केला की जेवायला थांबू नकोस.

तो म्हणाला, "सापडलं?"

"सापडलं."

"मग रडतेस कशाला?"

"दोन ओळी आहेत रे. दोन ओळींचा क्रम. ही एवढीशी फट, आणि मी तिच्या तोंडावर म्हटलं, तुझा हात लागला असेल."

तेमिरखानला एरवी प्रत्येक गोष्टीवर काही ना काही सुचायचं. त्या दिवशी तो म्हणाला की मी तिकडेच डबा घेऊन येतो, आणि आला.

कोडचा तो भाग बर्नो शहरातला वोय्तेख नावाचा माणूस सांभाळायचा. त्याने हो म्हटल्याशिवाय त्यात अक्षर बदलत नसे. रौशानने त्याला दोष कळवला, फट दाखवली आणि सोबत आपली दुरुस्तीही पाठवली: नोंदीला कुलूप लावायचं, एकाच्या हातात असताना दुसऱ्याने हात लावायचा नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं. दोष खरा आहे, त्याने लिहिलं होतं, आणि तो माझ्याच हातून नऊ वर्षांपूर्वी शिरला. पण ही दुरुस्ती चालणार नाही. नोंद पुसणारा प्रोसेसर टायमर थांबायची वाट पाहील, टायमर कुलूप उघडायची, आणि दोघं एकमेकांसाठी कायमचे खोळंबतील.

रौशानला राग आला. अडीच वर्षं घालवून केलेलं काम त्याने पाच ओळींत परत पाठवलं होतं. रागातच तिने आपली दुरुस्ती खोट्या बुरानात सोडली, त्याला चूक ठरवायला. वीस मिनिटांत यंत्र थिजलं. तिने त्याला कळवलं की तुमचं बरोबर आहे, आणि पुन्हा बसली.

तिसऱ्या खेपेला जमलं. कुलूप काढून तिने नोंदीवर मोजणी ठेवली: ही नोंद आत्ता किती जणांच्या हातात आहे. शेवटचा हात सुटेपर्यंत जागा कुणाला द्यायची नाही. आणि पुसण्याआधी टायमर थांबवायचा, नंतर नाही. सगळी मिळून अकरा ओळी. दोन महिने तिने ती दुरुस्ती अखंड वादळात चालवली, एकही कॉल आतून तुटला नाही. मग पाठवली.

अशा दुरुस्तीखाली नावं लिहायची रीत असते: कोणी लिहिली, कोणी तपासली, दोष आधी कोणी कळवला. त्या शेवटच्या ओळीत रौशानने बातिमाचं नाव घातलं. वोय्तेखने विचारलं की या बाईंचा ईमेल पत्ता राहिलाय. रौशानने लिहिलं की पत्ता नाही, त्यांना संगणक येत नाही. फोन आतून तुटतो हे त्यांनी पाच वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं आणि मी मानलं नाही. त्यापायी त्यांची नोकरी गेली, आणि एका माणसाचा जीव गेला तेव्हाचा कॉलही हाच होता. दुसऱ्या दिवशी बर्नोहून उत्तर आलं: नाव पुरेसं आहे. खाली आणखी एक ओळ होती. त्या घरच्यांना माझ्याकडून काय सांगता येईल ते मला सुचत नाही, तुम्हाला सुचलं तर सांगा.

एप्रिलच्या एका सकाळी, हवा स्वच्छ असताना, रौशानने केंद्राच्या यंत्रावर ती दुरुस्ती स्वतःच्या हाताने चढवली. मग ती सगळे कागद घेऊन ओराल्बेक आगायंकडे गेली. वर तिने स्वतःचं पत्र ठेवलं होतं: माझ्या सहीचा अहवाल चुकीचा होता, तो मी मागे घेते. त्यांनी सगळं वाचलं. चौकशी पुन्हा उघडता येणार नाही म्हणाले, पण पत्र दप्तरी लागेल आणि बातिमाच्या कागदावरचा ठपका निघेल. रौशानच्या कागदावर मात्र एक चढेल, चुकीच्या अहवालाबद्दल. "चढू द्या," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली, आणि ती दारापर्यंत गेल्यावर म्हणाले की समितीत मीही होतो.

त्याच दुपारी ती सांस्कृतिक भवनात गेली. कार्यक्रम नव्हता. लाकडी फळीमागे बातिमा बिल्ले पुसत बसली होती. रौशानने छापलेला कागद फळीवर ठेवला आणि नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आपलं नाव बातिमाने दोनदा वाचलं. मग विचारलं की नक्की काय झालं होतं, आणि रौशानने सांगितलं: नोंद एकाच्या हातात असतानाच दुसऱ्याने जागा देऊन टाकली, आणि नऊ वर्षं ते कुणाला दिसलं नाही.

"म्हणजे बिल्ला परत आला नाही आणि खुंटी दिली."

"तसंच."

"रौशान, नवरा-बायको एकाच खुंटीवर दोन कोट टांगतात, तर मी दोन बिल्ले देते. दोन्ही परत येईपर्यंत त्या खुंटीला मी हात लावत नाही. हे मला पहिल्या दिवशी कळलं. आणि तुमच्या त्या हुशार लोकांना नऊ वर्षं लागली?"

"तू सांगितल्यावरही मला पाच लागली."

बातिमाने कागदाची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. मग तिने विचारलं, "कैर्गेल्दीला सांगितलंस?"

"अजून नाही."

"चल मग. पाच वाजता त्याची पाळी सुटते. मी त्या दारात एकटी परत जाणार नाही, पण तुझ्याबरोबर येते."

वस्तीवरचं घर तेच होतं. वडिलांच्या मागे कैर्गेल्दी आईजवळ राहायला आला होता. दार त्यानेच उघडलं. केस ओले होते, डोळ्यांच्या कडांना कोळसा राहिला होता. बातिमाला पाहून तो आडवा उभा राहिला. रौशानने तिथेच, बूट न काढता सांगायला सुरुवात केली: फोन या बाईने ठेवला नव्हता, यंत्राने तोडला होता, ते कसं झालं ते आता सिद्ध झालंय, आणि त्या वेळी त्यांनी तोडला असं लिहून देणारी मी. आतून म्हाताऱ्या आईने विचारलं की कोण आहे. कैर्गेल्दी बाजूला झाला.

आईने चहा ओतला, बाउर्साकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, थाळी पुढे सरकवली. कुणी खाल्लं नाही. कैर्गेल्दीने रौशानला विचारलं, "म्हणजे दोष कुणाचा, आपाय?"

"लिहिणाऱ्याची एक चूक होती. ती त्याने मान्य केली. या बाईंनी मला आधी दोनदा सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही, ही माझी. तुला राग धरायचा तर माझा धर."

बोलली ती बातिमा, आणि त्याच आवाजात, जो त्या गावाने चार वर्षांपूर्वी फोनवर शेवटचा ऐकला होता.

"तू म्हणालास, ओठ निळे पडतायत. मी म्हटलं, बाळा, त्यांना उशीला टेकवून बसव, गळ्याचं बटण सोड, आणि फोन ठेवू नकोस, मी इथेच आहे. मग मी तुला विचारलं, श्वास कसा चाललाय. तू बोलेनास. मला वाटलं तू त्यांच्याकडे बघतोयस. मी सांगत राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की पलीकडे कुणी नाही. त्यातलं काय ऐकू आलं तुला?"

कैर्गेल्दीने मान हलवली. "काही नाही. निळे पडतायत म्हटलं, आणि मग काहीच नाही."

"मी बोलत होते."

"मला वाटलं, तुम्ही..." तो थांबला. त्याच्या आईने मधेच विचारलं, ती काय म्हणाली, बसवायचं? कैर्गेल्दीने तिला मोठ्याने, तिच्या कानाशी वाकून सांगितलं. म्हातारीने हात चेहऱ्यावरून फिरवले. आम्ही त्यांना आडवं निजवलं होतं, ती म्हणाली.

मग कैर्गेल्दीने ते विचारलं, ज्याची रौशानला सकाळपासून धास्ती होती. फोन तुटला नसता तर ते वाचले असते का? रौशानने बातिमाकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही," बातिमा म्हणाली. "गाडी काही लवकर आली नसती, वाट बंद होती. ते कदाचित गेलेच असते. पण तू एकटा नसतास."

त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून तो बसून राहिला. म्हातारीने उठून बातिमाच्या कपात पुन्हा चहा ओतला, अर्धाच, कारण पाहुण्याने लवकर उठू नये असं वाटलं की तिकडे कप भरत नाहीत. झुमातायसाठी कुराणातल्या ओळी म्हणायचं तिने बातिमाला सांगितलं. सांत्वनाला आलेल्या माणसाचं ते काम असतं. बातिमाने म्हटल्या. सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि मग थाळीतलं खाल्लं.

कैर्गेल्दी त्यांना गाडीने सोडायला तयार होता, पण दोघी चालत निघाल्या. बर्फ वितळून रस्त्यात चिखल झाला होता.

"माझ्या हातून नाळ कापलेली पोर," बातिमा म्हणाली, "तिच्या लग्नाला मी नव्हते."

"नव्हतीस."

"ते काही तुझ्या अकरा ओळींनी परत येत नाही."

"नाही येत."

केंद्राने पुढे बातिमाला परत बोलावलं, तेव्हा ती नको म्हणाली. आवाज थकलाय, असं तिने सांगितलं. ती कोटांपाशीच राहिली आणि तिथूनच निवृत्त झाली. पण त्या संध्याकाळी चिखलाचा एक मोठा पट्टा आडवा आला, तेव्हा तिने रौशानचा दंड धरला, दोघींनी तो सावकाश ओलांडला, आणि पलीकडे गेल्यावरही जिन्यापर्यंत तिने तो सोडला नाही.